दीड हजार वाचवायला अर्धं घर?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्या ५७ वर्षांच्या, यजमान ६८. बऱ्याच वर्षांपासून त्यांच्या खात्यात गृह आधार या गोवा सरकारच्या योजनेचे पैसे येतात, सध्या महिन्याला १,५००. गेल्या वर्षी माहेरच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, संपली आणि भावांनी त्यांच्या वाट्याचे १८ लाख रुपये दिले. ते त्यांनी सात टक्क्यांनी बँकेत ठेवले आहेत. राहतं घर आणि मागचं लहान कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, यजमानांच्या वडिलांकडून आलेलं. घराच्या कडेच्या दोन खोल्या प्रत्येकी ३,००० रुपये भाड्याने दिल्या आहेत. यजमानांना खासगी नोकरीचं २,२०० रुपये पेन्शन आहे, आणि सुपारी-नारळाचे वर्षाला साठेक हजार हाती येतात. शेजारीण म्हणाली, "जमीन आनी एफडी आसा म्हण कळ्ळें जाल्यार गृह आधार बंद जातलो, आनी फाटले पयशेय परत मागतले." योजना बंद होईल आणि मागचे पैसेही परत मागतील, या भीतीने घर आणि कुळागर मुलाच्या नावे दान करायचं ठरलं आहे. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये, स्विंडनला, बायको-मुलांसह राहतो. "तसंही पुढे माझंच आहे," असं तो म्हणतो. मुलगी साखळीला दिली आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही. दानपत्राचा मसुदा तयार आहे. यजमानांनी दयानंद या सामाजिक सुरक्षा योजनेसाठीही अर्ज करावा, असं त्यांचे मित्र सांगतात. ताई विचारतात: "एफडी यांच्या नावावर करू का? आणि घर यांचं असल्यामुळे मला फक्त साक्षीला सही करायची आहे, त्यात मला काही धोका नाही ना?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण मसुदा तयार आहे म्हणता.

तुम्ही साक्षीदार नाही. तुमचं लग्न गोव्यात नोंदवलेलं असेल आणि लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर तुम्ही दोघं मालमत्तेच्या सामायिकीत आहात. १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून गोव्यात हे चालत आलं आहे, आणि आजच्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही ते मोडलेलं नाही. यजमानांना त्यांच्या वडिलांकडून आलेलं घरसुद्धा निम्मं तुमचं आहे. तसेच तुमच्या माहेरचे १८ लाख निम्मे त्यांचे. म्हणून तर घर विकायला किंवा दान द्यायला दोघांची सही लागते. तुम्ही सही कराल ती देणारी म्हणून, स्वतःचा अर्धा वाटा देणारी म्हणून. कोणी "इथे साक्षीला सही करा" म्हणालं असेल, तर एकतर त्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला तो कळू नये असं त्याला वाटतं. दुसऱ्या शक्यतेचा आरोप मी कोणावर करत नाही. आपल्याकडे बायकांना सही कुठे करायची एवढंच सांगायची सवय जुनी आहे.

ही सही नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी भांडण करायला नको, "मला आधी समजून घ्यायचंय" एवढं म्हणणं पुरे.

आता ज्या भीतीपायी हे सगळं चाललंय ती भीती खरी आहे का, ते बघू. गृह आधार योजना २०१२ साली सुरू झाली, ती महिला व बालविकास संचालनालयाकडे आहे. तिची मुख्य अट नवरा-बायकोच्या मिळून वार्षिक उत्पन्नाची, ३ लाख रुपयांची. घर किती मोठं, कुळागर किती मीटरचं, बँकेत मुद्दल किती, हे तिथे मोजत नाहीत. त्या मुद्दलावर व्याज किती येतं ते मात्र मोजतात. जमिनीचं तसंच, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर तुमचं नाव आहे म्हणून काही बिघडत नाही, त्या जमिनीतून हाती काय येतं ते धरायचं.

शेजारणीचा घोळ कुठून झाला असेल याचा अंदाज येतो. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचं जे दहा टक्के आरक्षण आहे, त्याच्या दाखल्याला मालमत्तेची अट आहे: पाच एकरांहून कमी शेतजमीन, हजार चौरस फुटांहून लहान फ्लॅट, भूखंडाचं क्षेत्रफळ वगैरे. कोणाच्या तरी नातवाच्या ॲडमिशनला तो दाखला काढताना जमिनीवरून नकार मिळाला, की गावात बातमी होते, "जमीन असली की सरकारचं काही मिळत नाही." एका योजनेची अट दुसरीला लावून घाबरणं आपल्याकडे फार. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाला तर उत्पन्नाचीच अट नाही, पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला ते मिळतं, आणि तरी एफडी झाली म्हणून त्याचं नूतनीकरण न करणारी माणसं मला भेटली आहेत.

तर तुमचा हिशेब. एफडीचं व्याज वर्षाला १,२६,०००. भाडं ७२,०००. पेन्शन २६,४००. कुळागराचे ६०,०००. बेरीज २,८४,४००.

म्हणजे तुम्ही तीन लाखांच्या आत आहात. ज्या कारणासाठी घर द्यायला निघालात ते कारणच आज अस्तित्वात नाही. फक्त एक आकडा तपासून घ्या. कुळागराचे साठ हजार हे पाडेली (नारळ पाडणारा), मजुरी, खत वजा जाता उरलेले आहेत की एकूण विक्रीचे? अटीत एकूण उत्पन्न धरतात. बागायतदार संस्थेत सुपारी घातल्याच्या पावत्या असतील, त्यांची वर्षाची बेरीज करा. ती पंचाहत्तर हजारांच्या पुढे गेली, तर तुमची मर्यादा ओलांडली असं धरा.

आणि व्याजाबद्दल एक गैरसमज तुमच्या पत्रात नाही, पण इतर वाचकांच्या पत्रांत नेहमी असतो: "आम्ही एफडी रिन्यू करतो, व्याज हातात घेतच नाही, मग ते उत्पन्न कसलं?" हातात घ्या वा मुदलात मिळवा, व्याज हे त्या वर्षाचं उत्पन्नच. बँक ते आयकर खात्याला कळवते, पॅनवर ते दिसतं. ते लपत नाही आणि लपवायचीही गरज नसते.

एफडी यजमानांच्या नावावर करून काय साधेल? काहीच नाही. गोव्यातल्या सामायिकीतल्या जोडप्यांसाठी १९६१च्या आयकर कायद्यात १९९४ साली ५अ कलम आलं. त्यानुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरलं जातं, पावती कोणाच्याही नावाची असो. करासाठी याचा फायदा आहे, कारण एकाच्या डोक्यावर सगळं पडत नाही. पण गृह आधारसाठी दोन्ही निम्मे परत एकत्र होतात, कारण अटच दोघांच्या मिळून उत्पन्नाची आहे. या खिशातलं त्या खिशात घातल्याने तिथे फरक पडत नाही. उलट तुमच्या माहेरचा पैसा तुमच्या नावावर, तुम्ही सही केल्याशिवाय न निघणारा, असा राहू द्या. कायद्याने तो दोघांचा असला तरी रोजच्या व्यवहारात पावतीवर कोणाचं नाव आहे याला वजन असतं.

आता जरा गंमत बघा. यजमान ६८चे, म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवू शकतात, तुमच्यासह संयुक्त खात्यातही. तिथे सध्या ८.२ टक्के व्याज मिळतं आणि ते दर तीन महिन्यांनी हाती येतं. कोणीही सांगेल, अठराचे अठरा लाख तिथे टाका. तसं केलंत तर व्याज २१,६०० रुपयांनी वाढेल, तुमचं उत्पन्न ३,०६,००० होईल आणि वर्षाचे १८,००० रुपये गृह आधार जाईल. वाढीव मिळकत उरली ३,६००. बारा लाख तिथे आणि सहा लाख आहेत तिथेच ठेवलेत, तर वाढ १४,४०० ची, एकूण २,९८,८००, आणि गृह आधारही राहतो. हे कायद्यात पूर्ण बसतं. तरी मला विचाराल तर मी एवढ्या काठावर चालणार नाही. खोलीचं भाडं महिना दोनशेने वाढवलंत तरी मर्यादा ओलांडली जाईल. मग केवळ दीड हजारांसाठी भाडं वाढवायचं नाही, सुपारीला भाव आला तर घाबरायचं, असं जगणं सुरू होतं. योजना घरखर्चाला आधार म्हणून आहे, घर तिच्याभोवती फिरायला लागलं की ती महाग पडते. एफडी मोडायची घाई मात्र करू नका, मुदत संपेपर्यंत थांबा, नाहीतर दंड म्हणून व्याजाचा दर कापतील.

आणि उत्पन्न तीन लाखांच्या वर गेलंच, तर? खात्याला साध्या कागदावर लिहून कळवा, पोच घ्या, योजना बंद करून घ्या. पैसे परत मागतात ते पात्र नसताना खोटी माहिती देऊन घेतलेले. तुमचा वाटा गेल्या वर्षी आला, त्याआधी तुम्ही मर्यादेच्या बऱ्याच आत होता, त्या वर्षांच्या पैशांना कोणी हात लावायचं कारण दिसत नाही.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मात्र मी वेगळं सांगेन. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची ही योजना साठीपुढच्यांना महिन्याला २,००० रुपये देते, एकट्या बायकांना आणि अपंगांनाही मदत करते. ती मुळात ज्यांना दुसरा आधार नाही त्यांच्यासाठी आहे. अर्जावरची उत्पन्नाची अट वाचा आणि वरचा हिशेब समोर ठेवून यजमानांना ठरवू द्या. मी तुमच्या जागी असते तर या घडीला त्यांना अर्ज करायला लावलं नसतं. मित्रांना मिळतं म्हणजे आपल्यालाही लागू, असं नसतं. तुम्ही साठीच्या झालात की तुम्हाला गृह आधार आणि दयानंद ही दोन्ही एकदम घेता येणार नाहीत, तेही आताच लक्षात ठेवा.

आता मुलाकडे येऊ, कारण या पत्रातला खरा गुंता तिथे आहे असं मला वाटतं.

तो स्विंडनला काय करतो ते तुम्ही लिहिलं नाही. तिथल्या पुष्कळ गोंयकारांसारखा तो वेअरहाउसमध्ये किंवा कारखान्यात कामाला असेल, मुलं लहान असतील, तर पगाराला जोड म्हणून त्या कुटुंबाला युनिव्हर्सल क्रेडिट ही तिथली सरकारी मदत मिळत असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला विचारा. कारण आपल्याकडे ज्या अटीला तुम्ही उगाच घाबरलात ती अट तिथे खरोखर आहे. तिथे उत्पन्नासोबत मालमत्ता आणि बचतही मोजतात, तीही नवरा-बायकोची एकत्र. सहा हजार पौंडांपर्यंत हरकत नाही. सहा ते सोळा हजारांच्या मधल्या प्रत्येक अडीचशे पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न आहे असं धरून मदत कमी करतात. सोळा हजारांच्या वर काहीच मिळत नाही. सोळा हजार पौंड म्हणजे आपले साधारण अठरा-वीस लाख. फोंडा तालुक्यातल्या घराची किंमत त्याहून किती जास्त ते मी सांगायला नको. मालमत्ता इंग्लंडबाहेर आहे म्हणून सुटत नाही, तीही कळवावी लागते.

यात एक सवलत आहे. आपल्या मालकीच्या घरात जवळचा नातेवाईक राहत असेल आणि तो तिथल्या पेन्शनच्या वयाचा असेल, तर ते घर मोजत नाहीत. ते वय आता ६६ वरून ६७ कडे सरकतंय. यजमान ६८चे, तेव्हा ते घरात आहेत तोवर राहत्या घराला ही सवलत लागू शकेल. तुम्ही ५७च्या. उद्या घरात तुम्ही एकट्या उरलात, तर तुमच्यामुळे ती सवलत मिळणार नाही. भाड्याच्या दोन खोल्यांना आणि कुळागराला तर ती मिळेल असं धरू नका, आणि त्या खोल्यांचं भाडंही मग मुलाचं होईल, तुमच्या घरखर्चातून महिना सहा हजार जातील. घर एकदा नावावर घेऊन मदत जातेय म्हणून पुन्हा दुसऱ्याला दिलं, तरी चालत नाही. मदत मिळवण्यासाठी मालमत्ता हातावेगळी केली असं दिसलं, तर ती अजून त्याच्याकडेच आहे असं धरून हिशेब करतात.

म्हणजे इथे महिना दीड हजार रुपये वाचवायला जे दान द्यायचं, त्याने तिकडे मुलाच्या घरची महिन्याची शेकडो पौंडांची मदत बंद पडू शकते. हे त्याला ठाऊक असतं तर त्याने होकार दिला असता असं मला वाटत नाही.

कुळागराचं तर दानच होणार नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्यावर तो भारतीय नागरिक राहिला नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असलं तर राहतं घर आई-वडिलांकडून दान घेता येतं, पण शेतजमीन, बागायत, फार्महाऊस नाही. वारशाने आलं तर गोष्ट वेगळी. कार्डच नसलं तर घरासाठीही रिझर्व्ह बँकेची परवानगी लागेल. मसुदा लिहिणाऱ्याने मुलाचा पासपोर्ट कोणता हे विचारलं होतं का?

"तसंही पुढे माझंच आहे," या त्याच्या वाक्यावरही थोडं थांबू. गोव्यात मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा. तुम्हा दोघांच्या मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखलेला आहे, त्यातून एका मुलाला वगळता येत नाही. एकाला दान दिलंत तरी पुढे इन्व्हेंटरीत ते हिशेबात घेतलं जातं, आणि वाट्याहून जास्त दिलेलं असेल तर दुसरं मूल ते कापून मागू शकतं. दानाऐवजी विक्री दाखवू म्हणाल, तर आई-वडिलांनी एका मुलाला विकायला बाकीच्या मुलांची संमती लागते. साखळीच्या मुलीला काही न सांगता सह्या झाल्या, तर ती गोष्ट आज लपेल आणि तुम्ही दोघं नसताना बहीण-भावाला कोर्टात भेटवेल. मुलगा लबाड आहे असं मी म्हणत नाही. बहुधा त्याला वाटतंय की आई घाबरली आहे, तिचं ओझं कमी होईल. पण निर्णय कोणाच्या भीतीतून आला आणि कोणाच्या सोयीने पुढे सरकला, हे तुम्ही दोघं एकदा एकमेकांना विचारून बघा.

ताई, मला सगळ्यात जास्त काळजी तुमची वाटते. तुम्ही यजमानांहून अकरा वर्षांनी लहान आहात. आजच्या स्थितीत काही बरंवाईट झालं, तर घराचा अर्धा भाग तुमचाच असेल, कोणी दिलेला नव्हे. दानपत्रानंतर तुम्ही मुलाच्या आणि सुनेच्या घरात राहणाऱ्या असाल, कारण त्या दोघांमध्येही अशीच सामायिकी असू शकते. आणि ती दोघं स्विंडनला. छप्पर गळलं तर कौलं बदलायचा निर्णयही फोनवर घ्यायचा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३व्या कलमाने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं दान सांभाळ न झाल्यास रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी. "मुलगा आहे, अट कशाला" म्हणून बहुतेक दस्तांत ती नसते.

पुढे कधी, पूर्ण विचाराने, घर मुलांना द्यावंसं वाटलं तर द्या. तेव्हा दोघांच्याही हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क राखून ठेवा, सांभाळाची अट लिहून घ्या, मुलीला समोर बसवा, आणि दिवाणी कायदा जाणणाऱ्या, तुमच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाकडून मसुदा करून घ्या. त्याआधी एक-चौदावर कोणाकोणाची नावं आहेत ते पाहा. सासऱ्यांच्या मागे इन्व्हेंटरी झालीच नसेल आणि दीर-नणंदांची नावं अजून तिथे असतील, तर जे तुमच्या एकट्यांचं नाही ते देता येणार नाही. मृत्युपत्राचाही पर्याय आहे. राखीव निम्मा भाग सोडून उरलेल्याची व्यवस्था त्याने करता येते, ते बदलता येतं, आणि हयातीत हातून काहीच जात नाही.

या आठवड्यात एवढं करा. मसुदा लिहिणाऱ्याला सह्या पुढे ढकलल्याचं कळवा. यजमानांसोबत बसून वरचा हिशेब तुमच्या पावत्यांवरून पुन्हा मांडा, बँकेच्या व्याजाचा दाखला आणि सुपारीच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा, पुढच्या खेपेला उत्पन्नाचा दाखला काढताना तीच फाइल मामलेदार कचेरीत न्या. मुलाला फोन करून युनिव्हर्सल क्रेडिटचं विचारा आणि सोळा हजार पौंडांची अट त्याच्या कानावर घाला. मुलीलाही त्याच दिवशी सांगा, कारण दुसऱ्याकडून तिला कळलं तर ते वेगळंच ऐकू जाईल. आणि दानपत्रासाठी घराची मूळ कागदपत्रं मसुदा लिहिणाऱ्याकडे ठेवली असतील, तर ती परत आणा. एक-चौदाचा उतारा केव्हाही नव्याने निघतो, पण सासऱ्यांच्या वेळचा पोर्तुगीज दस्त हरवला तर त्याची नक्कल मिळवायला पुराभिलेखात किती खेटे घालावे लागतात, ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.